तीन दिवसांचा नियम

२ सप्टेंबर
अखेर कंपनीला माझी किंमत कळली. लोणच्या-चटण्यांच्या या कारखान्याची सगळी कागदपत्रं ठेवायला सॉफ्टवेअर निवडायचंय. तीन आलीत. समितीचा अध्यक्ष मी. सदस्य एकच, दप्तरखान्यातली देसांकाबाई. तीस वर्षं कागद लावतेय, पेन्शनला दोन वर्षं उरलीत. सॉफ्टवेअर आलं की तिची जागा रद्द, हे टिपण मी आजच करून ठेवलं. वैयक्तिक काही नाही. कॉफी छान करते.

संकल्प : रोज दोन तास स्वतः चाचणी.

४ सप्टेंबर, सकाळी ११
पहिलं सॉफ्टवेअर. पासवर्ड तीनदा चुकला, दार बंद. शेरा मारला : अध्यक्षालाच आत घेत नाही, निकामी. देसांका आत गेली म्हणे. तिला काय, वेळच वेळ.

११ सप्टेंबर
दुसरं. विक्रेत्याने चेवापी कबाब आणि राकियाची दारू आणली. दहापैकी दहा. १९८७ चा मिरची-करार शोधायला सॉफ्टवेअरला अकरा मिनिटं लागली, देसांकाने कपाटातून एका मिनिटात काढला. आगाऊपणा नुसता. कपाट स्पर्धेत नव्हतंच.

१९ सप्टेंबर
तिसरं पक्कं. सत्तेचाळीस निकषांचा तक्ता देसांकाने भरला. सही माझी. आणि डोकंही माझंच : इथे लोक कागद दाबून बसतात, गोल शिक्क्यापायी महिना घालवतात. म्हणून सॉफ्टवेअरमध्येच नियम घातला. तीन दिवसांत कागद उघडला नाही तर मान्य समजावा. शिक्का नकोच. देसांका म्हणाली, कुणाच्या तरी गळ्याला फास बसेल. म्हटलं, बसू दे, आळशाच्याच बसेल. डायरेक्टर झोरित्साबाईंनी दोनदा विचारलं, नियम सगळ्यांना लागू ना? म्हटलं, एकही अपवाद नाही. त्यांनी हात मिळवला. बढती नक्की.

१ ऑक्टोबर
सॉफ्टवेअर सुरू. पहिलाच कागद देसांकाची जागा रद्द करण्याचा, मीच पाठवायला लावला. बयेने पाचव्या मिनिटाला उघडून हरकत घेतली. वर यादी जोडली, चाचणीत कोण किती तास होतं. ती एकशे बारा, मी शून्य. काय एकेक माणसं असतात.

६ ऑक्टोबर
फोनवर निरोप : तुमच्यासाठी एक कागद आहे. अभिनंदनाचाच असणार. पासवर्ड आठवत नाही. उद्या बघू.

८ ऑक्टोबर
देसांका टेबलाशी आली. “व्हिदोये, तो कागद आज उघड रे. छापून आणून देऊ का?”

जिची जागा जाणार तिचे हुकूम मी ऐकत नाही, असं सगळ्यांदेखत सुनावलं. आल्या पावली परत गेली. बरी जिरवली.

१० ऑक्टोबर
गेटवर कार्ड चालेना. वॉचमनने ‘बस’ असंसुद्धा म्हटलं नाही. देसांका माझा कोट, माझा कप आणि तो कागद घेऊन खाली आली. जागा रद्द झाली होती, माझी. मुदतीत हरकत आली नाही, सबब मान्य. सॉफ्टवेअर आता देसांका सांभाळणार.

म्हटलं, यावर शिक्का कुठाय? बिनशिक्क्याचा कागद मी मानत नाही. बोलता बोलता रडलो.

तिने पर्समधून जुना शिक्का काढला, तोंडाची वाफ दिली आणि वॉचमनच्या टेबलावर कागद ठेवून दाबला.

“घे. झालं समाधान?”

अक्षर न् अक्षर स्वच्छ उमटलं होतं.