हातमोज्यातला चुना

अण्णा, आज तुमच्यासमोर येऊन उभी राहिले असते, तर बाकी काही न विचारता तुम्ही म्हणाला असतात, "हात दाखव."

मांजरी स्टेशनजवळ रुळांलगत आपली चुन्याची भट्टी. वॅगनमधून चुनखडी उतरते, कोळशाच्या थरांत भाजली जाते आणि मग हौदात पाण्याखाली मुरत पडते. किती दिवस, ते तुम्ही कधीच सांगत नाही. उघड्या बोटांत चुना चोळायचा. कण लागला की हौद पुन्हा झाकायचा. चौदा वर्षांची असताना मी गाळणीवर राहिलेले खडे परत हौदात ढकलले होते. टाकून द्यायचं जिवावर आलं. तुम्ही गिऱ्हाइकासमोर अख्खा हौद उपसलात. "न विरलेला खडा भिंतीत गेल्यावर फुटतो. तेव्हा तू तिथं नसतेस," एवढंच बोललात. मला तुमचा भयंकर राग आला होता. खोटं कशाला बोलू, थोडा अजूनही आहे.

आता मी जुन्या इमारतींची दुरुस्ती करते. नारायण पेठेतल्या एका शाळेत वर्गाच्या छताला चुन्याचा गिलावा करायचा होता. मिस्त्री म्हणाला, "ताई, कण लागतोय. अजून पंधरा दिस मुरू द्या." शाळेचे चिटणीस शेजारीच उभे. "छान! तोवर मुलांना रस्त्यावर बसवतो." मी पुढे झाले, चुना चोळला आणि "चालेल" म्हटलं. रबरी हातमोजा न काढता. त्यातून कण कळत नाही, हे मला माहीत होतं.

त्याला दोन महिने झाले. काल भर वर्गात छताचे टवके उडाले. एक तुकडा एका मुलीला डोळ्याच्या अगदी खाली लागला. डोळा वाचला. आज सकाळीच मी सगळा गिलावा उतरवायला घेतला, तेवढं धैर्य झालं. पण चिटणिसांनी विचारलं, "चुना तर तुम्ही स्वतः तपासला होता. मग कालवताना कोणी घोळ घातला?" आणि मी गप्प राहिले. पलीकडच्या वर्गात काम करणाऱ्या मिस्त्रीला त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकलं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, थापी पुसून पिशवीत टाकली आणि निघून गेला.

चिटणिसांना खरं सांगायचं ठरवलंय, अण्णा. पण आधी त्याला. मघाशी फोन लावला. बराच वेळ वाजला. त्यानं उचलला नाही, आणि मला बरं वाटलं.