धुरानंतर ज्वाळा येतेच

३ फेब्रुवारी, सोमवार
मालकांनी मला फायर मार्शल केलं! पाठीवर मोठी अक्षरं असलेलं लाल जॅकेट दिलं. बाकी सगळ्यांनी नाही म्हटल्यावर तुमचा नंबर लागला, असं बिलिंगच्या ताई म्हणाल्या. जळतात. शुक्रवारी विम्याच्या साहेबांसमोर ड्रिल आहे. जमलं तर पद कायम, नाहीतर जॅकेट ताईंना. फर्निचरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात जन्म गेला, एवढा मान कधी मिळाला नव्हता. खरंच, भरून आलं.

४ फेब्रुवारी
अभ्यास जोरात. व्हिडिओत सांगितलं, धूर म्हणजे न जळलेलं इंधन, तोच पेटला की ज्वाळा. म्हणजे धूर हा आगीचा अर्ज आणि ज्वाळा ही मंजुरी. वाक्य माझं. ड्रिलमध्ये टाकणार.

संध्याकाळी
प्रयोग. मेणबत्ती विझवून तिच्या धुराला काडी लावली. ज्योत धुरावरून खाली उतरून वातीवर बसली! बायकोला पुन्हा दाखवताना जरा जास्तच वाकलो. डावी मिशी गेली. बायको म्हणाली, आता उजवीही काढा, बघवत नाही. काढणार नाही. संशोधन म्हटलं की थोडं जायचंच.

६ फेब्रुवारी, गुरुवार
उजवी काढली.
मार्शलचं स्टोअर मार्शलसारखं दिसायला हवं. दरवाजाला जवसाचं तेल लावून चकाचक केला. तेलकट फडकी बादलीत कोंबली. डब्यावर लिहिलंय, फडकी पसरून वाळवा, ढीग केल्यास आपोआप पेटू शकतात. काडी नाही, ठिणगी नाही, आणि फडकं स्वतःहून पेटणार? काहीतरीच! उद्या ड्रिलमध्ये पेटवायची लाकडं मात्र सुरक्षेसाठी भिजवून ठेवली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ
मागच्या अंगणात ट्रेमध्ये आग लावायची आणि मी ती विझवायची, असं ठरलेलं. लाकडं पेटेनात. नुसता धूर. विम्याचे साहेब खोकून खोकून लाल झाले. मी म्हणालो, अर्ज आलाय, मंजुरी येईलच. कुणी हसलं नाही. ताईंनी विचारलं, स्टोअरमधूनही धूर येतोय, तोही ड्रिलचाच का? मी म्हणालो, वारा फिरलाय, तुम्ही बिलं बघा.

दुपार
वारा फिरला नव्हता. बादली पेटली होती. ताईंनी भिंतीवरचा अग्निशामक सिलिंडर उचलला, पिन ओढली, आग विझवली आणि सगळ्यांना गेटबाहेर नेलं. माझा चकचकीत दरवाजा काळाठिक्कर. मी मात्र जागा सोडली नाही. ट्रेमध्ये नुकतंच काहीतरी लालसर दिसायला लागलं होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार
जॅकेट ताईंना दिलं. त्यांना सैल होतं. तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, आल्टर करून घेईन.
काल गेटवर साहेबांनी विचारलं म्हणे, आत कुणी राहिलंय का. सगळे म्हणाले, नाही, सगळे आलो. मी तेव्हा अंगणात ट्रेपाशी बसून फुंकर घालत होतो.
बायकोने विचारलं, ड्रिल कसं झालं. म्हटलं, छान झालं, सगळे सुखरूप बाहेर पडले.