निळा हापसा

५ फाल्गुन

थुंकी! आमची थुंकी न्यायला ढाक्याहून गाडी करून माणसं आलीत. जन्मभर सगळे ओरडतात — मिस्त्री, पान खाऊन भिंतीवर थुंकू नका. आणि आज एक चुणचुणीत मुलगी, लायला आपा म्हणतात तिला सगळे, बोटाएवढी नळी पुढे करून म्हणते, "काका, थुंका!"

म्हटलं, तोंडात पान आहे. म्हणाली, चूळ भरा आणि अर्धा तास काही खाऊ नका. पानाशिवाय अर्धा तास! रोज्याची निदान सवय तरी आहे.

सोबुरच्या चहाच्या टपरीसमोर अख्खं काठालदी गाव रांगेत उभं, आणि कुणाच्या तोंडाला पाणीच सुटेना. मग आपानं कैरीची गोष्ट काढली. मीठ लावलेली, मिरची लावलेली. झालं! भराभर नळ्या भरल्या. फक्त आमच्या हिचं, माजेदाचं, तोंड कोरडं. मी म्हटलं, "बकुलची आई, बोलायला लागलीस की थांबत नाहीस, आणि थुंकायला जमत नाही?" सगळे हसले. माजेदाही हसली. हात मात्र पदराखालून बाहेर काढले नाहीत तिनं.

६ फाल्गुन

ही वही बोअरिंगची. कुठं किती फुटांवर वाळू लागली ते लिहायचो. आता कुणी नवा हापसा मारायला बोलावत नाही, पानं कोरी राहिलीत. तेव्हा मनातलं लिहावं.

थुंकी कशाला हवी ते आपानं सांगितलं. आमच्याकडच्या पाण्यात आर्सेनिक. ते सगळ्यांच्या पोटात जातं, पण तळहातावर खडबडीत दाणे आणि छातीवर काळे ठिपके सगळ्यांना येत नाहीत. एकाच हापशाचं पाणी, एकाला येतात, दुसऱ्याला नाही. का? तर म्हणे शरीर ते विष धुऊन लघवीवाटे बाहेर टाकतं. कुणाचं शरीर हे काम झटपट करतं, कुणाचं रेंगाळत. आणि ते आईबापाकडून रक्तात येतं.

मी म्हटलं, "आपा, एवढं सोपं! कुणाचा दट्ट्या घट्ट, कुणाचा ढिला." ती खो खो हसली आणि वहीत लिहून घेतलं. माझं वाक्य ढाक्याला जाणार!

९ फाल्गुन

आता माझं म्हणणं लिहितो. अंगणातला हापसा मी लग्नाच्या वर्षी मारला. माझ्या हातचा पहिला. माजेदा आली तेव्हा तिनं हापसलेलं पहिलं पाणी, तिच्या बांगड्यांवर उडालं होतं. अकरा वर्षांपूर्वी तपासनीस आले आणि त्याला लाल रंग फासून गेले. म्हणजे विषारी! मोक्तार मिस्त्रीच्या अंगणात मात्र सातशे फुटांचा सरकारी हापसा बसला, त्याला हिरवा. का, तर त्याचा मेहुणा कमिटीवर!

मी काय केलं? होडीचा उरलेला निळा रंग घेतला आणि हापसा निळा करून टाकला. निळ्याबद्दल सरकारचा काहीच नियम नाही!

आणि माझं अंग बघा. तीस वर्षं तेच पाणी पितोय, एक डाग नाही. टपरीवर सदरा वर करून दाखवतो मी. हिचे तळहात मात्र फणसाच्या सालीसारखे झालेत. म्हणजे पाण्याचा दोष नाही. हिचं रक्त कच्चं!

१४ फाल्गुन

लायला आपा घरी आली. हिचा हात हातात घेऊन बघितला. मग मला बाजूला बोलावलं. "काका, हे पाणी आज थांबवलं तर आशा आहे. नाही थांबवलं तर यातला एखादा दाणा चिघळेल. पुढं काय होतं ते तुमच्या घरात झालंय."

झालंय. आमचे मियाभाई. मोठे भाऊ. दोन्ही हात असेच होते, मग पायाची जखम, मग संपलेच. त्याआधी चाचा. पण मियाभाई विड्या फार ओढायचे! आणि चाचांचं वय झालं होतं. मी आपाला तसं सांगितलं.

हिला म्हटलं, पी बाई दुसरीकडचं. तर म्हणते, "तुम्ही आपला हापसा बंद करा, मग पिते. नवऱ्याचा हापसा चालू, आणि मिस्त्रीची बायको गावभर घागरी घेऊन पाणी मागत फिरणार? लोक काय म्हणतील?"

हापसा बंद! म्हणजे मी मोक्तारपुढं हरलो! जमायचं नाही.

२० फाल्गुन

रात्रभर पाण्यात घातलेला पांता भात, कांदा, हिरवी मिरची. वर दोन पेले पाणी. अहाहा! माझ्या पाण्याची एक खुबी आहे. हापशातून थेट प्यायलं तर लोखंडाची चव लागते, पण हिनं माझ्या कळशीत भरून ठेवलं की गोड होतं. माझी कळशी वेगळी, काठ चेपलेली. त्यातलं दुसरं कुणी प्यायचं नाही, असा हिचा कायदा. पुरुषमाणसाला उष्टं नको म्हणे. दुरुस्तीच्या कामावर निघालो की बाटलीही त्यातूनच भरून देते. मोक्तारच्या सातशे फुटांना अशी चव आहे का? विचारा!

२६ फाल्गुन

सुई हिच्या बोटांत धरवत नाही आता. आमच्या लेकीचे, बकुलचे दिवस भरत आलेत, गाझीपूरच्या कारखान्यातून बाळंतपणाला यायची आहे. बाळासाठी गोधडी शिवायला घेतलीय, आणि धागा सारखा तळहाताला अडकतो. मी म्हटलं, दे, मी शिवतो. मी घातलेला टाका बघून म्हणाली, "हा पाईप जोडलाय की कापड?"

तिनं उसवला. हसत होती. मग सुई दातांत धरून स्वतः टाका घातला.

२ चैत्र

कंबर दुखते म्हणून कण्हते, पण पहाटे अजान व्हायच्या आत हिची फेरी चुकत नाही. कुठं? मोक्तारच्या बायकोकडं, हस्नाभाभीकडं! कोंबड्यांना कोंडा आणायला म्हणे. मी मोक्तारशी अकरा वर्षं बोललेलो नाही, आणि ही रोज त्याच्या दारात. एवढ्या कोंड्यावर आमच्या कोंबड्या हत्ती व्हायला पाहिजे होत्या. बघावं तर त्याच चार मरतुकड्या कोंबड्या.

८ चैत्र

टपरीवर आज मजा. मोक्तार मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "काही लोकांच्या हापशाला होडीचा रंग लागतो, कारण तो पाणी पिणाऱ्याला पैलतीरी पोचवतो!"

सगळे खदखदले. मलाही हसू आलं, मेल्याचं. पण मी उठलो आणि म्हटलं, "ऐका! ढाक्याहून निकाल येईल. माझं रक्त पक्कं निघणार. कच्चं निघालं तर हा कफिल मिस्त्री कमरेवर कळशी घेऊन, बायकांसारखा, भर दिवसा मोक्तारच्या हापशावर पाणी भरील!"

सोबुरनं सगळ्यांना चहा दिला. साक्षीदार म्हणून.

१५ चैत्र

निकाल आला.

माझं रक्त कच्चं. रेंगाळणारं. हिचं झटपट!

"आपा, नळ्या बदलल्या तुम्ही," मी म्हटलं. "नवरा-बायकोची थुंकी एकत्र केलीत." ती म्हणाली नाही. मी म्हटलं, मग हे अंग काय खोटं बोलतंय? सदरा काढूनच दाखवला. आपाही चक्रावली. म्हणाली, तुमच्या अंगावर डाग हवेत काका, आणि काकूंच्या हातावर इतके नकोत. पुन्हा नमुना घेते. या वेळी थुंकी आणि लघवी दोन्ही.

लघवी! मोक्तारला कळलं तर गावात राहायला नको.

२८ चैत्र

दुसऱ्यांदा तेच. मी ढिला, ही घट्ट. वर आणखी गंमत — माझ्या लघवीत विष नावापुरतं, हिच्या लघवीत ढीगभर. आपानं विचारलं, "दोघं एकच पाणी पिता ना?"

"एकच हापसा, एकच चूल!" मी म्हटलं. "हिला विचारा."

माजेदा म्हणाली बकरीला पाणी दाखवायचंय, आणि गेली. बकरीनं मघाशीच पाणी प्यायलं होतं.

आपा म्हणाली, "काका, रक्त कच्चं असलं तरी विष पोटात कमी गेलं तर माणूस वाचतो. आणि पक्कं असलं तरी रोज भरपूर गेलं तर नाही वाचत." मला काही ते जुळेना. टपरीवर बातमी माझ्याआधी पोचली होती. ठरलं — वैशाखाच्या पहिल्या दिवशी, आमच्या नव्या वर्षाला, मिस्त्रीची मिरवणूक!

१ वैशाख

गेलो! दिलेला शब्द म्हणजे शब्द. नवी लुंगी, कमरेवर माझीच चेपलेल्या काठाची कळशी. मागं पोरं, सोबुर किटली वाजवत. कुणीतरी ओरडलं, "वहिनी, पदर घ्या!" मी गमछा डोक्यावरून घेतला आणि लाजलो. लोक हसून लोळले. मोक्तारनं स्वतः येऊन हापशाचा दांडा मारला. अकरा वर्षांनी बोललो आम्ही. तो म्हणाला, "कळशी डाव्या कमरेवर घ्यायची, मिस्त्री, उजव्या नाही." मी म्हटलं, "तुला बरं माहीत!"

माजेदा आली नाही बघायला. घरात बसून राहिली.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. ओंजळीनं प्यायलो तिथं, आणि चव — माझ्याच पाण्याची! तेच गोड पाणी, कळशीतलं! मोक्तारनं सातशे फुटांवरून माझा झरा चोरला की काय? आणि हस्नाभाभी कळशीकडं बघून म्हणाली, "ही तर रोज येते." बोलता बोलता जीभ चावली. कोण रोज येतं?

२ वैशाख

विचारलं. सांगितलं तिनं. अकरा वर्षं, रोज पहाटे, एक कळशी. माझ्यापुरती.

"मियाभाईंचे हात मी पाहिले होते. त्याआधी चाचांचे. तुमच्या घरच्या पुरुषांना हे लागतं. मी दुसऱ्या घरची. वाटलं, मला नाही लागायचं."

मी विचारलं, स्वतःसाठी का नाही आणलंस?

"कमरेवर एकच बसते. दुसऱ्या खेपेला उजाडतं. मिस्त्रीची बायको मोक्तारच्या हापशावर दिसली असती तर तुमचं नाक कापलं गेलं असतं."

रडलो. तिचे हात धरून, अंगणात, सगळ्यांदेखत.

हापशाचा दांडा काढून टाकला. दोन खेपा केल्या, भर उन्हात. पहिली कळशी तिची.