स्वयंपाकाच्या वेळचा ताप

माय, "सैपाकाच्या वक्ताला बराबर येतोय हिचा ताप," असं मोठी माय म्हणाली होती. तुझी थोरली जाऊ ती, तिला बोलायचा हक्क होता आणि जीभही होती. तू चुलीपुढं बसली होतीस, पदर अंगाभोवती घट्ट ओढून, आणि पीठ मळताना तुझे दात वाजत होते. सगळे हसले. आजी हसली, काका हसला. तूही हसलीस, आणि भाकर थापायला लागलीस.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. शाळेच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं रंगवलं, तेव्हा अक्षरं ओली असताना मी बोट लावून पाहिलं होतं. मुरुडच्या त्या बाजूला विहिरींचे तळ दिसत होते. बाबा नव्या कचेरीच्या बांधकामावर विटा वाहायला लातूरलाच राहत, आठ-पंधरा दिवसांनी येत. बैल आणि गाय आत्याकडं पाठवली होती. शेळ्या तेवढ्या राहिल्या, कारण त्या बाभळीच्या शेंगांवरही जगत. उन्हाळ्याच्या तोंडाला लागोपाठ दोन शेळ्या गाभडल्या, दिवस भरायच्या आधीच करडं मेलेली पडली. दुसरीची वार अडकून बसली. तू गोठ्यात तिच्यामागं बसली आहेस, एका हातानं तिची पाठ थोपटते आहेस, दुसऱ्या हातानं हळूहळू ती वार ओढते आहेस, आणि तिच्याशी बोलते आहेस, "झालं गं बाई, झालं. लई सोसलंस." माणसांशी तू एवढं कधी बोलत नसायचीस. मग राखेनं हात घासून धुतलेस आणि आत आलीस. काही आठवड्यांनी तुझा ताप सुरू झाला.

दिवसभर तू बरी असायचीस. दिवेलागणीला हुडहुडी भरायची, रात्री घामानं चोळी भिजायची, सकाळी कपाळ गार. काही दिवस जायचा, पुन्हा यायचा. कंबर धरलेली, गुडघे धरलेले, पण ते कुणाला दिसत नव्हतं. बाबांनी एकदा तुला लातूरला नेलं, मी सोबत होते. पहाटेची एस.टी. होती. डॉक्टरांनी मनगट धरलं, काचेची नळी जिभेखाली ठेवली आणि विचारलं, "ताप कुठंय?"

"सांजच्याला येतोय, सायेब," बाबा म्हणाले.

"मग सांजच्याला आणा."

सांजच्याला थांबलो तर परतीची गाडी नव्हती, आणि बाबा राहत ते बांधकामावरच, इतर गड्यांत. येताना बाबांनी मला पेरू घेऊन दिला. गाडीत ते पुढं उभे होते आणि तू माझ्याकडं वळून हळूच विचारलंस, "मला खरंच काय न्हाई का गं? अंगचोर झाले काय मी?" मी तुझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "गार हाय." होतंच गार. तू मान हलवलीस आणि खिडकीबाहेर पाहत राहिलीस. तो प्रश्न विचारायला घरात तुला दुसरं कुणी नव्हतं, हे समजायला मला तुझ्याएवढं व्हावं लागलं.

मी आता नांदेडला असते. ताप आलेल्या माणसांच्या रक्ताचे निकाल गोळा करून, कोणता आजार वर्षांमागून वर्षं कसा वाढला, कसा घटला, त्याच्या रेघा काढते. त्यांत एक आजार आहे, ब्रुसेलोसिस. जनावरांचा, माणसात उतरतो. न उकळलेल्या दुधातून, किंवा गाभडलेल्या जनावराला उघड्या हातांनी मोकळं करताना. ताप बऱ्याचदा संध्याकाळी चढतो, रात्री घाम येतो, सकाळी काही नाही. महिनोन् महिने. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि पाणी प्यायला उठले.

या आजाराची रेघ अलीकडं वर चढते, कारण अलीकडं तपासणी होते. अहवाल करताना साहेब म्हणाले, "मॅडम, जुन्या वर्षांना शून्य टाका. रेघ कशी छान वर जाताना दिसंल."

"शून्य कसं टाकू? कुणाला तपासलंच नव्हतं."

"मग रोगी नव्हते ना."

"शोधले नव्हते, साहेब."

"अहो, तुम्ही तर वकिलावानी भांडून राहिल्या," ते हसत म्हणाले. मला हसता आलं नाही. माझ्याकडं पाहून ते म्हणाले, "बरं, ठेवा कोरी. पण कारण लिहा." मी लिहिलं, या वर्षांत तपासणीची सोय नव्हती. तुझ्याविषयी मी कामाच्या कागदावर लिहिलेलं एवढं एकच वाक्य. तुझी वर्षं कोरी आहेत, माय. शून्य नाहीत.

दिवाळीत मुरुडला गेले होते. मोठी माय आता भिंत धरून चालते. तिला सांगितलं, मायला शेळ्यांचा आजार झाला असणार, खराखुरा.

"मग मला का न्हाई झाला? दूध तर म्या बी पेले," ती म्हणाली.

"सगळ्यांना होत नाही. आणि वार तिनं काढली होती, मोठी माय."

ती बराच वेळ ओट्यावरचे खडे वेचून बाजूला टाकत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तापातबी भाकर कवा करपू दिली न्हाई तिनं." तापात म्हणाली ती, या वेळी न हसता. तो शब्द ऐकायला तू हवी होतीस. तू तर मी कॉलेजात असतानाच गेलीस, आणि छातीचं काही होतं एवढंच आम्हाला कळलं.

आता एक कबूल करते, हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही म्हणून. मला ठाऊक नाही. तो हिवताप असेल, क्षय असेल. तुझं रक्त कुणी काढलंच नाही. दुसऱ्या कुणाची अशी हकीकत समोर आली असती तर मी लिहिलं असतं, सांगता येत नाही. तुझ्या बाबतीत तेवढं लिहायला हात उचलत नाही. तुला हाच आजार असावा, असं मला नुसतं वाटतं. नाव असलेल्या तापाला कुणी हसत नाही.

दिवेलागण झाली. विष्णुपुरी धरणाकडचं पाणी खिडकीतून काळं दिसायला लागलं आहे. इथं मी एकटीच, एका माणसाची भाकर. तरी या वेळेला कुणाचं तरी अंग तापलंय, असं मला रोज वाटतं, आणि हात लावायला कपाळ नसतं. आज एवढं ऐक. पडून राहा. तवा मी ठेवते, करपली तर करपली. उठू नकोस, माय. तू पडल्या पडल्या मान डोलावून "हाव, हाव" म्हणशील, आणि मी पिठाचा डबा उघडायच्या आत पदर खोचून चुलीपुढं येऊन बसशील.