रिनाने आणलेली सीताफळं

मोलगी

तीर्थरूप आप्पांना रूपालीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईची कवळी अजून टोचते का? मागच्यासारखी घरीच कानशीने घासू नका, मी आले की बघेन.

‘एकली ऱ्हाऊ नको’ म्हणत तुम्ही मागे लागलात, म्हणून दंतवैद्यांच्या संघटनेत नाव घातलं. तुमचं खरं निघालं. मी ग्रुपवर एक फोटो टाकला, तर धुळ्याच्या मोठ्या सर्जननी अर्ध्या तासात कळवलं, कॅन्सर वाटतो, लगेच पाठव, ऑपरेशन मी फुकट करतो.

फोटो सुकरामच्या तोंडाचा होता. बाजाराच्या दिवशी तो दवाखान्यात आला, तेव्हा त्याचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. रेंज चार दिवस गेलेली, फोटो लगेच पाठवता आला नाही. मी दुखणं थांबायच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या बाजारी ये म्हटलं.

पुढच्या बाजारी त्याची बहीण रिना आली. दुखतं म्हणून सुकराम यंदा मागे राहिला होता. गोळ्यांनी थांबलं, तसा टोळीमागे गुजरातला ऊसतोडीला गेला. कुठल्या गावाला, तिला माहीत नाही. फोन लागत नाही. होळीला येईल म्हणाली.

होळीपर्यंत उशीर होईल, असं धुळ्याचे सर म्हणतात. पेशंट कधी पाठवतेस, रोज विचारतात.

भावाला बरं केलं म्हणून रिनाने टोपलीभर सीताफळं आणली होती. ती तशीच पिकून गेली.

हे आईला वाचून दाखवू नका. इथले लोक मला सीताफळं आणून देतात, एवढंच सांगा.

तुमची
रूपाली