टँकरवरची पहिली घागर

सौ. शरणम्मास गुजरातेहून चंद्रप्पाचा आशीर्वाद.

मी खुशाल हाय. जेवण बरं हाय, मन लागत न्हाई तेवढं सोड.

आमच्या तेलाच्या पाइपात सायेब एक औषध सोडतात, चिरलेल्या भेंडीसारखं बुळबुळीत. थोडंसंच, पण आतल्या तेलाची धक्काबुक्की कमी होती अन् त्याच पंपावर तेल लई पळतं.

लातूर जिल्हा झाला, तरी मुरुडात पाणी टँकरचंच का? तू लिवलंस, रांगेत एवढी धक्काबुक्की असून डायवर भीमाशंकर तुझी घागर आधी भरतो. तो कोणतं औषध सोडतो?

आईचे गुडघे दुखतात, ठावं हाय. तरी पुढच्या टँकरला तिलाच पाठव. तिचीबी घागर आधी भरली, तर भीमाशंकरला माझा शरणार्थ सांग.

तुझाच,
चंद्रप्पा