माळवदाची माती

९ जानेवारी १९९५
सापडला एकदाचा! नेरूळला, शेवटच्या मजल्यावर, वर नुसती गच्ची. खालच्या मजल्यावर धुणीभांडी करणाऱ्या शिरवण्याच्या शकुबाईनं मला इथं लावून दिलं. स्वयंपाक करायचा, पाच वर्षांच्या उत्कर्षाला सांभाळायचं, रात्री तिच्याच खोलीत झोपायचं. मी इतकी खुशीत, की जिने चढताना गाणं गुणगुणत होते.

उदयसिंह साहेबांनी मला ओळखलं नाही. कसं ओळखतील? आमच्या लातूरकडं भूकंपाचे धक्के बसायला लागले तेव्हा अख्खं गाव बाहेर झोपायचं. हे साहेब सरकारी जीपमधून आले, हसले, म्हणाले काही होत नाही, घरात झोपा. गाव घरात गेलं. मी आजारी आईकडं माहेरी होते. माझा नवरा आणि तीन वर्षांचा बंडू आत झोपले. पहाटे माळवद खाली आलं.

१२ जानेवारी
माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं छत. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवा थर द्यायचा, जुना काढायचा नाही. आजा-पणजापासूनची माती डोक्यावर घेऊन झोपायचं. त्याच मातीचं गाठोडं मी आणलंय. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले की साहेबांच्या खोलीवर ओंजळभर टाकते आणि बंडूला हाक मारते. ये बाळा, ह्याचंबी छत भर. मुडदा बशिवला ह्याचा!

२० जानेवारी
गच्चीवर घोट्याएवढा थर! मी एवढी टाकलीच नव्हती. थोपटून बसवलेली माती, तिच्यावर इवले इवले पंजे. माझ्या बंडूचे. मी तिथंच बसून रडले, आणि हसले पण. साहेबांच्या ताटात माती पडते. भांडी खडखडतात, ती फक्त ह्याच घरात. बाईसाहेब घाबरल्यात. साहेब म्हणाले, काही होत नाही. म्हणा, म्हणा. लई बरं वाटतं ऐकायला.

२७ जानेवारी
छताला चीर गेली. साहेबांच्या खोलीत नाही — आमच्या. उत्कर्षाच्या पलंगाच्या बरोबर वर. अगं बाई, ह्या लेकराचं काय चुकलं? केरसुणीनं सगळी माती झाडून काढली. बादली ठेवून परत वर गेले तर होती तेवढीच. बंडूला म्हटलं, पुरे रे राजा. ऐकत नाही —

३० जानेवारी, दुपार
साहेब-बाईसाहेब लग्नाला. उत्कर्षा तापानं झोपलेली. छत कडकडलं — तिला उचललं, जिन्यात शकुबाईच्या हातात दिलं. तिची पांघरायची शाल घ्यायला परत खोलीत शिरले आणि मागं दार लागलं. उघडत नाही. पलीकडून माती चढलीय —

लिहितेय. म्हणजे वर बघायला नको —

पोरीला सोडलं त्यानं. साहेब घरात नाही हे पण त्याला ठाऊक. मग कुणासाठी एवढी —

वरून विचारतोय. आई, आम्ही लई हाका मारल्या. आई, तू कुठं